बुचाची देवळं

दर्शनी बाजूला नऊ खांब. मी दोनदा मोजले, कारण नऊ म्हणजे बरोबर मधोमध एक खांब येणार, आणि जिथून आत शिरायचं तिथंच कुणी खांब उभा करत नाही. तिसऱ्यांदा मोजायला वाकले तशी सई मागून म्हणाली, "मावशी, जरा मागे. हात नाही लावायचा."

समोर होतं इटलीतल्या पेस्तुमचं हेराचं जुनं देऊळ, इसवी सनापूर्वी ५५० च्या सुमाराचं. आणि ते बुचाचं होतं. बाटलीला लावतो त्याच बुचाचं.

पंचवीस वर्षं मी पुण्यात आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांसाठी मॉडेलं बनवली. साइट ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेल्या बुटक्या वसाहती तुम्ही पाहिल्या असतील, स्पंजची हिरवी झाडं आणि निळ्या अॅक्रिलिकचा पोहण्याचा तलाव असलेल्या, ते माझं काम. त्याआधी वडिलांबरोबर गणपतीची थर्माकोलची मखरं कापायचे. हात तिथंच बसला. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तोवर मी सनबोर्ड, माउंटबोर्ड आणि बाल्साकडे वळलेच होते. कॉर्कही वापरला, पण तो शीटचा: डोंगरउतार दाखवायचा असला की कॉर्कशीटचे थरावर थर लावायचे, झालं कंटूर मॉडेल. कॉर्कमध्ये देऊळ कोरता येतं हे मला माहीत नव्हतं. माझी भाची लंडनमध्ये जुन्या वस्तूंच्या जतनाचं शिक्षण घेते. तिनं हे सगळं ठाऊक असून मला आधी काही सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

जागा म्हणजे सर जॉन सोन यांचं घर, लिंकन्स इन फील्ड्स, क्रमांक १३. हॉलबर्न स्टेशनवरून पायी पाच-सात मिनिटं. सोन हे गवंड्याचे चिरंजीव, १७५३ चा जन्म. बँक ऑफ इंग्लंडचे आर्किटेक्ट म्हणून त्यांनी १७८८ ते १८३३ एवढी वर्षं काम केलं, रॉयल अकॅडमीत आर्किटेक्चर शिकवलं, आणि आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंसकट हे घर १८३३ च्या कायद्यानं लोकांच्या हवाली केलं. घराला तिकीट नाही. मॉडेल रूम मात्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथं मार्गदर्शकासोबत जावं लागतं. त्या फेरीच्या वेळा आधी संकेतस्थळावर बघून ठेवा, कारण खोली लहान आहे आणि एका वेळी थोडीच माणसं आत मावतात. मला ते थोडकेपण फार मानवलं. मॉडेल बघायचं तर त्याच्या उंचीला खाली वाकावं लागतं, आणि गर्दीत कुणी कुणाला वाकू देत नाही.

ही खोली पूर्वी एलायझा सोन यांची झोपायची खोली होती. त्या १८१५ मध्ये गेल्या. सोन यांनी खोली जवळजवळ वीस वर्षं मोडली नाही, आणि १८३४-३५ मध्ये, स्वतः ऐंशी ओलांडल्यावर, तिथं मॉडेलं मांडली. पुढे १८३७ मध्ये ते गेले, कालांतरानं ती मांडणीही मोडली आणि मॉडेलं घरात इकडेतिकडे पांगली. २०१५ मध्ये जुन्या चित्रांवरून ती खोली पुन्हा जशीच्या तशी लावली गेली. मधोमध पितळी खांबांचं एक भलंमोठं मॉडेल-स्टँड आहे. त्यावर तपकिरी बुचाची पडकी देवळं आणि पांढऱ्याशुभ्र प्लास्टरची अखंड देवळं एकाच ठिकाणी नांदतात. त्या पांढऱ्या-तपकिरीबद्दल मला पुढे बोलायचंय. आधी बूच.

बूच म्हटलं की पुणेकरांना बुचाचं झाड आठवतं, रात्रीत पांढऱ्या लांब दांड्यांच्या फुलांचा सडा घालणारं. ते वेगळं. त्याच्या सालीचं हलक्या प्रतीचं बूच निघायचं म्हणून त्याला ते नाव पडलं. खरं बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या ओकची साल. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल सोलतात, आणि मग दर नऊ वर्षांनी, झाड न तोडता. आपण दुकानातून आणतो ते कॉर्कशीट म्हणजे या सालीचा भुगा दाबून चिकटवलेला असतो. त्याला सगळीकडे एकच पोत. अख्ख्या सालीचं तसं नसतं. तिच्यात काळपट छिद्रं असतात, चिरा असतात, एखादी जागा मऊ आणि शेजारची कडक लागते. आणि इटलीतला ट्रॅव्हर्टाइन दगड, पेस्तुमचा तो सच्छिद्र चुनखडीचा दगड, नेमका तसाच दिसतो. कारागिराला दगडाचं सोंग आणावंच लागत नाही. त्यानं सालीचा कुठला तुकडा कुठं लावायचा एवढं ओळखायचं. हे "एवढं" म्हणजे निम्मं काम आहे, हे हातानं काम करणाऱ्या कुणालाही पटेल.

हेराच्या त्या देवळाचे खांब मी किती वेळ बघत बसले ते सई सांगू शकेल. हे खांब सरळ नाहीत, मध्ये पोट सुटल्यासारखे फुगतात आणि वर एकदम निमुळते होतात. त्यांच्यावरची उशी चपटी, वजनानं दबून बाहेर पसरल्यासारखी. खऱ्या देवळाचे भोवतीचे पन्नासच्या पन्नास खांब आजही उभे आहेत, छप्पर मात्र नाही. मॉडेलात हा फुगवटा बुचात उतरवलाय. तुम्ही कधी नैसर्गिक कॉर्क कापला असेल तर कळेल की पातं जरा बोथट झालं की तो कापला जात नाही, त्याचे कण उडतात. पन्हळ, म्हणजे खांबावरची उभी खाच, कोरताना दोन पन्हळींच्या मधली धार टिकवणं म्हणजे श्वास रोखून करायचं काम. शेजारी त्याच गावचं दुसरं देऊळ, जुन्या लोकांनी नेपच्यूनचं म्हटलेलं: पुढे सहा, कडेला चौदा खांब, आणि आत खांबांवर खांब अशी दुमजली ओळ. नेहमीच्या डोरिक, म्हणजे या साध्या जाड ग्रीक धाटणीच्या खांबाला वीस पन्हळी असतात, या देवळाच्या बाहेरच्या खांबांना चोवीस आहेत. हाताचं काम चौदा-पंधरा वर्षांपूर्वीसारखं राहिलं नाही माझं, पण तेव्हाही कुणी मला या मापात चोवीस पन्हळी मागितल्या असत्या तर मी दोन दिवस विचार करायला घेतले असते.

ही पेस्तुमची मॉडेलं नेपल्सच्या दोमेनिको पादिल्योने यांच्या हातची. तिथल्या राजाच्या संग्रहालयात ते मॉडेलकार होते. बुचाची देवळं नेपल्स आणि रोमला अठराव्या शतकात बहरली याला कारण आहे. नेपल्समध्ये नाताळला येशूजन्माचे देखावे घरोघरी, चर्चमध्ये मांडायची मोठी परंपरा, आणि त्यातले डोंगर, गुहा, पडक्या कमानी बुचाच्या करत. म्हणजे हात आधी देखाव्यात तयार झाला, मग मोजमापाकडे वळला. मखरं कापून मॉडेलं करायला शिकलेल्या मला हे वाचताना भरून आलं. मग उत्तरेकडचे श्रीमंत तरुण इटली बघायला येऊ लागले, त्यांना परत नेता येईल असं काही हवं होतं, आणि बूच वजनाला काहीच नाही. रोमच्या अंतोनियो किकी यांनी तर रोमन इमारतींचा छत्तीस मॉडेलांचा संचच ठरवून टाकला होता. जर्मनीत कासेलला त्यातली तेहतीस आजही आहेत. आशाफेनबुर्ग गावचे कार्ल माय यांनीही तेच शिकून घेतलं, आणि तिथल्या राजवाड्यातला बुचाच्या मॉडेलांचा संग्रह जगात सगळ्यात मोठा समजतात. जर्मनांनी या कलेला ग्रीक शब्दावरून फेलोप्लास्टिक असं नाव दिलं, फेल्लोस म्हणजे बूच. मला आपलं बुचकाम पुरेसं वाटतं.

आता ती पांढरी मॉडेलं. पॅरिसच्या फ्रान्स्वा फुके यांची प्लास्टरमधली वीस मॉडेलं सोन यांनी १८३४ मध्ये विकत घेतली. ती देवळं बांधली त्या दिवशी कशी दिसली असतील ते दाखवतात. छप्पर जागच्या जागी, नक्षी पूर्ण, एकही टवका नाही. कामाची सफाई इतकी की विश्वास बसत नाही. सईच्या मते तीच या खोलीतली खरी रत्नं. मी तिच्याशी तिथंच हळू आवाजात भांडले.

कारण नवी इमारत करताना एक खांब नीट साधला की त्याचा साचा होतो आणि उरलेले त्यातून निघतात. पडक्या इमारतीत कुठलेच दोन खांब सारखे नसतात. याचा कोपरा गेलेला, त्याच्या उशीला तडा, तिसऱ्यावरची तुळई सरकलेली. प्रत्येक मोडतोड वेगळी मोजावी लागते, वेगळी काढावी लागते. प्लास्टरचं मॉडेल कारागिराला काय वाटतं ते सांगतं. बुचाचं मॉडेल त्या वर्षी तिथं काय होतं ते सांगतं, आणि ते परत कुणाला कधीच बघायला मिळणार नाही.

हे मी इतक्या आग्रहानं म्हणते त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या विश्वस्तांनी पंधराएक वर्षांपूर्वी त्यांच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं मॉडेल माझ्याकडून करून घेतलं. देऊळ जुनं, दगडी, शिखर अर्धं ढासळलेलं, मंडपाचे दोन खांब कलंडलेले. मी जाऊन दोन दिवस मापं घेतली. त्यांना मॉडेल हवं होतं ते नव्याचं, पूर्ण शिखर आणि रंगकामासकट, देणगीदारांना दाखवायला. मी म्हटलं, आत्ता आहे तसंही एक करू का, लहानसं? पैसे कमी घेईन. त्याची काय गरज, असं उत्तर आलं, आणि मीही फार ताणलं नाही. काम झालं. देऊळ आता मॉडेलसारखंच दिसतं. ते कलंडलेले खांब कुठं गेले कुणाला माहीत नाही, आणि माझ्या मापांची वही घर बदलताना हरवली. पादिल्योनेंच्या खांबांसमोर उभी असताना मला सारखी ती वही आठवत होती.

सोन यांनी दोन्ही तऱ्हा एका खोलीत ठेवल्या यात त्यांचं शिक्षकपण आहे. ते १८०६ पासून अकॅडमीत प्राध्यापक होते आणि व्याख्यानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना घर उघडं ठेवत. नेपोलियनच्या लढायांमुळे त्या काळात इंग्रज मुलांना इटलीला जाणं अवघड होऊन बसलं होतं. मग मुलांनी देवळाभोवती फिरायचं कसं? असं. सोन स्वतः १७७९ मध्ये पेस्तुमला गेले होते, विशी-पंचविशीतला मुलगा, आणि तेव्हा त्यांना ती देवळं फारच ओबडधोबड वाटली होती. म्हातारपणी त्याच देवळांची मॉडेलं त्यांनी पत्नीच्या खोलीत आणून ठेवली. मत बदलायला पन्नास वर्षं लागली तरी बदलू द्यावं, हे मला या माणसाचं सगळ्यात आवडलं.

या संग्रहातलं मला सगळ्यात सुंदर वाटलेलं मॉडेल विचाराल तर तिवोलीचं वेस्ताचं देऊळ. गोल आहे, दरीच्या काठावर. मूळचे अठरा खांब, त्यातले दहा उरलेत, वरच्या पट्ट्यावर बैलांची मस्तकं आणि त्यांना जोडणाऱ्या माळा. मॉडेल जोवानी अल्तिएरी यांचं. एका अंगानं बघितलं तर पूर्ण देऊळ, तिथून चार पावलं सरकलं की ते उघडं पडतं आणि आतली गाभाऱ्याची गोल भिंत दिसते. चित्रात हे होत नाही. फोटोतही नाही. यासाठीच मॉडेल लागतं. आणि सोन यांनी यातून काय घेतलं ते बघायला आम्ही त्याच संध्याकाळी बँक स्टेशनला गेलो. बँक ऑफ इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यावर, प्रिन्सेस स्ट्रीट आणि लॉथबरी मिळतात तिथं, त्यांनी हे तिवोलीचं गोल देऊळ कोपऱ्याला वळवून बसवलंय. पुढे सोन यांची बरीचशी बँक पाडून हर्बर्ट बेकर यांनी नवी बांधली, आपल्या दिल्लीच्या सचिवालयाचे तेच बेकर, पण हा कोपरा थोडाफार बदलून का होईना, राहिला. दुपारी जे पुढे वाकून बघितलं ते संध्याकाळी मान वर करून बघायला मिळालं. तुम्ही गेलात तर दोन्ही एकाच दिवशी करा.

पॉम्पेचं मोठं मॉडेल बघायला मात्र वेगळा वेळ ठेवा. तेही पादिल्योनेंचं, १८२० च्या सुमाराला जेवढं गाव खणून वर आलं होतं त्यातला नाट्यगृहांचा भाग: मोठं थिएटर, छोटं थिएटर, इसिसचं देऊळ, ग्लॅडिएटरांचं आवार. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेलं गाव १७४८ पासून खणायला लागले, म्हणजे हे मॉडेल सत्तरएक वर्षांच्या खोदकामाचा हिशेब आहे. खणलेल्या भागाची कडही त्यात दाखवली आहे, घरं संपतात आणि मातीचा उंच काठ सुरू होतो. गाव अजून पुरं सापडलेलं नाही हे इतक्या साधेपणानं सांगणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. नेपल्सच्या संग्रहालयात तोवर खणून निघालेल्या पॉम्पेचं १:१०० मापाचं मॉडेल आहे, १८६१ मध्ये सुरू केलेलं, आणि त्यावरही पादिल्योने घराण्यातल्या माणसानंच काम केलं. ते बघायची आता इच्छा आहे.

घरी नेण्यासारखं काही मिळावं म्हणून मी लंडनमध्येच एका ऑनलाइन दुकानातून पार्थेनॉनचं कॉर्क मॉडेल किट मागवलं, ३८ पौंड. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण असं कुठलंही किट घेण्याआधी हे तपासा. फोटोत पोत सगळीकडे सारखा दिसत असेल तर तो दाबलेला भुगा आहे. माझ्याही खोक्यात तोच निघाला, लेझरनं कापलेला, आणि प्रत्येक कड जळून काळी पडलेली. खांब म्हणजे चकत्यांवर चकत्या, पन्हळी कुठं नाहीतच. दोन खांब पेटीतच तुटलेले होते. सोबतचा गोंद पाण्यासारखा, भुगा तो पिऊन टाकतो आणि सांधा धरत नाही, शेवटी फेव्हिकॉलच लावला. लहान मुलांना देवळाची रचना समजावून सांगायला ठीक. बुचाच्या देवळाची हौस भागवायला घेऊ नका.

त्यापेक्षा ऑर्किड लावायला नर्सरीत नैसर्गिक सालीचे तुकडे मिळतात ते घ्या. मी घेतला एक, बारा पौंडांना, ताटाएवढा. सर्जिकल ब्लेड अकरा नंबर, दर दहा मिनिटांनी नवं. सालीची बाहेरची खरबरीत बाजू जोत्याला आणि पडक्या भिंतीला वापरायची, आतली दाट बाजू खांबांना. कोमट वाफेवर जरा धरली तर साल थोडी नमते आणि पन्हळीची धार तुटत नाही. चार दिवसांत माझा एक खांब झाला, वितीएवढा, पोटाशी फुगलेला. अजून वरची उशी बसलेली नाही. सई म्हणते ती जास्त जाड झालीय, आणि तिचं बरोबर आहे, पण मला ते फोटोवरून ठरवायचं नाही.

खोलीला माझ्याकडून पाचपैकी पाच. जाताना पाठीवरची मोठी पिशवी नेऊ नका, घर अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर जिने सावकाश चढा. सोबत वही आणि पेन्सिल ठेवा, बघताना काढलेलं लक्षात राहतं. पहिल्या खेपेला माझ्याकडे वही नव्हती. म्हणून येत्या बुधवारी पुन्हा जाणार आहे, तो मधला खांब वरपासून खालपर्यंत डोळ्यानं मोजून काढायला.